बगॅसचा डोंगर आणि तेलाचं पिंप

गळीत हंगामात कसबा बावड्यात शिरताना साखर कारखान्याचा गोडसर, जड वास कारखान्याच्या आधी भेटतो. मग उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर लागतात, आणि त्यांच्यामागे छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखान्याचं धुराडं दिसतं. कुठल्याही साखर कारखान्यात एक टन ऊस गाळला की साधारण 280 ते 300 किलो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघतो, शिवाय तीस-चाळीस किलो प्रेसमड आणि तेवढंच मोलॅसिस. एका हंगामात लाखो टन ऊस गाळणाऱ्या उद्योगात ही बेरीज केवढी होत असेल! तरीही या सगळ्या ढिगाकडे पाहून भारताचा कायदा म्हणतो की यात घातक कचरा नाही. आणि त्याच आवारात गिअरबॉक्समधून उपसलेल्या काळ्या तेलाचं दोनशे लिटरचं एखादं पिंप उभं असेल, तर तेवढ्या एका पिंपासाठी वेगळी नोंदवही ठेवावी लागते, लेबल लावावं लागतं, साठवणुकीची मुदत पाळावी लागते आणि न्यायला परवानाधारक माणूस लागतो. त्या तेलाला कायद्यात स्वतःचा क्रमांकही आहे: 5.1.

डोंगर निरुपद्रवी आणि पिंप घातक हे कोणी आणि कशावरून ठरवलं, या प्रश्नाच्या मागे लागलं की हाताला येतो एक सरकारी दस्तऐवज. ‘घातक आणि इतर कचरा (व्यवस्थापन आणि सीमापार वाहतूक) नियम’, 4 एप्रिल 2016 रोजी अधिसूचित झालेले. नाव वाचूनच कंटाळा यावा असं आहे. पण आत शिरल्यावर मला तरी तो रसायनशास्त्र, इतिहास आणि माणसाची दूरदृष्टी एकत्र गुंफलेला ग्रंथ वाटत आला आहे.

त्याचं मूळ भोपाळमध्ये आहे. डिसेंबर 1984 च्या वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्या कायद्याखाली जुलै 1989 मध्ये घातक कचऱ्याचे देशातले पहिले नियम. त्या वेळी कचऱ्याचे अठरा वर्ग केले होते आणि बहुतेक वर्गांपुढे वर्षाकाठचं वजन लिहिलं होतं. अमुक किलोच्या वर गेलात तर नियम लागू, खाली असाल तर मोकळे. पहिला प्रयत्न म्हणून ते ठीकच होतं. पण वजनावरून धोका कळत नाही. पुढे 2000 मध्ये नियमांचा सांगाडाच बदलला आणि कचरा कुठल्या प्रक्रियेतून जन्मला व त्यात काय किती आहे, या दोन गोष्टींना महत्त्व आलं. 2008 मध्ये नियम नव्याने लिहिले गेले, 2016 मध्ये पुन्हा एकदा.

आजच्या व्याख्येचा गाभा असा आहे: जो कचरा आपल्या भौतिक, रासायनिक, जैविक, विषारी, ज्वलनशील, स्फोटक किंवा क्षरणकारी गुणांमुळे आरोग्याला वा पर्यावरणाला धोका पोहोचवतो किंवा पोहोचवू शकतो, मग तो एकटा असो की दुसऱ्या कचऱ्याच्या वा पदार्थाच्या संपर्कात, तो घातक. यातले शेवटचे शब्द मला फार मोलाचे वाटतात. संडास धुण्याचं ॲसिड एका बाटलीत आणि ब्लीचिंग पावडर दुसऱ्या डब्यात असेल तोवर दोन्ही आपापल्या जागी शांत असतात. ती एकत्र सांडली की क्लोरीन वायू सुटतो. व्याख्या लिहिणाऱ्यांनी पदार्थाबरोबर त्याच्या शेजाऱ्याचाही विचार केला होता.

पण व्याख्येवर कुणाला दंड करता येत नाही. पिंपापाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे. म्हणून नियमांच्या मागे परिशिष्टं जोडली आहेत.

पहिलं परिशिष्ट म्हणजे उद्योगांच्या 38 प्रक्रियांची यादी आणि प्रत्येकीतून निघणाऱ्या कचऱ्यांची नावं. इथे प्रयोगशाळेची गरजच नाही. कचरा कोणाच्या पोटी जन्मला एवढं विचारायचं. बाराव्या क्रमांकावर धातूंवर मुलामा देणं, गॅल्व्हनायझिंग, पॉलिश, ॲसिडने धुणं अशी पृष्ठभागावरची कामं आहेत. तेहतिसावा क्रमांक तर बहुतेकांना लागू पडतो. घातक रसायनांची रिकामी पिंपं आणि ती पुसलेल्या चिंध्यासुद्धा तिथे नोंदवलेल्या आहेत. पाचव्या क्रमांकावर खनिज किंवा कृत्रिम तेल वंगण म्हणून वापरणारे सगळे उद्योग येतात आणि त्यातलं 5.1 म्हणजे वापरलेलं तेल. गॅरेजमध्ये ज्याला सगळे जळकं ऑइल म्हणतात, तेच हे. साखर तयार करणं ही प्रक्रिया मात्र या 38 मध्ये नाही, म्हणून बगॅसचा डोंगर यादीबाहेर राहतो.

तेलाला नावानिशी यादीत घालावं लागलं यामागे एक सुंदर कारण आहे. जळकं ऑइल सहज पेट घेत नाही, ते ॲसिडसारखं चावत नाही, पाण्यात टाकलं तर उसळत नाही. वरवरच्या कुठल्याही परीक्षेत ते साधं, मवाळ ठरेल. पण इंजिनात हजारो किलोमीटर फिरताना त्याने बेअरिंग आणि रिंगांचे झिजलेले धातूकण पोटात घेतलेले असतात, आणि उष्णतेने त्यात कर्करोगाशी संबंध असलेली बहुवलयी कर्बसंयुगं तयार झालेली असतात. म्हणून कायदा त्याचं वागणं न बघता कुळ बघतो. आपल्याकडे हेच तेल अजून सेंट्रिंगच्या फळ्यांना फासलं जातं, वाळवी लागू नये म्हणून खांबांना चोपडलं जातं. खरं तर ते गाळून, शुद्ध करून पुन्हा वंगण होऊ शकणारं तेल आहे. पुनर्वापरासाठी पाठवायच्या अशा तेलात शिसं, आर्सेनिक, पीसीबी ही विषारी द्रव्यं किती चालतील याचंही स्वतंत्र परिशिष्ट आहे. 1 एप्रिल 2024 पासून तर नवं वंगण बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवरच वापरलेलं तेल परत मिळवून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली गेली आहे.

मग ज्या कचऱ्याचं कुळ यादीत नाही, त्याचं काय? त्याच्यासाठी दुसरं परिशिष्ट आहे आणि मला विचाराल तर साऱ्या नियमांतलं सगळ्यात थक्क करणारं पान तेच. तिथे पदार्थाचं वागणं आकड्यांत पकडलं आहे. द्रवाची वाफ 60 अंश सेल्सिअसच्या खाली ठिणगीने पेट घेत असेल तर तो ज्वलनशील. रंगकामाचा थिनर, उरलेला लॅकर इथे लगेच सापडतात. पाण्यात विरघळलेल्या कचऱ्याचा पीएच 2 किंवा त्याहून कमी, अथवा 12.5 किंवा त्याहून जास्त असेल तर तो क्षरणकारी. शिवाय 55 अंशांना जो द्रव पोलादाला वर्षाला 6.35 मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने खातो, तोही.

हा 12.5 कुठून आला असेल? गोल आकडा हवा असता तर 12 नाहीतर 13 निवडता आला असता. 25 अंशांना चुन्याच्या संपृक्त निवळीचा पीएच 12.45 भरतो. म्हणजे पानाला लावायचा, घर रंगवायचा आणि उसाचा रस निवळण्यासाठी साखर कारखान्यात वापरला जाणारा चुना त्या रेषेच्या अगदी उंबरठ्यावर, पण आत राहतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1980 मध्ये नियम पक्का करताना मसुद्यातली 12 ची मर्यादा उचलून 12.5 केली, कारण 12 ठेवली असती तर चुना घालून सौम्य केलेला गाळही घातक ठरला असता आणि चुना तर कचरा सुधारण्याचं सगळ्यात स्वस्त औषध. हाच आकडा पुढे आपल्या नियमांत आला. दुसऱ्या टोकाला लिंबाचा रस 2 च्या किंचित वर असतो. रोजच्या ताटातला चुना आणि लिंबू दोन्ही रेषांच्या आतल्या बाजूला, आणि बॅटरीतलं ॲसिड रेषेच्या पार पलीकडे.

आता सगळ्यात कठीण प्रश्न. मातकट, कोरडा, वास नसलेला गाळ समोर आहे. पेटत नाही, चावत नाही. पण त्यात शिसं आहे. तो घातक आहे का?

त्याचं उत्तर शोधण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी कचऱ्याचं भविष्य प्रयोगशाळेत घडवून पाहायची युक्ती काढली. कसबा बावड्याच्या लाइन बाजारात, ‘झूम’ प्रकल्प म्हणून सगळ्या कोल्हापूरला ठाऊक असलेल्या जागी, वर्षानुवर्षं शहराचा कचरा पडत आला. अशा ढिगात भाज्यांची देठं, उरलेला भात, फळांच्या साली कुजतात तेव्हा ॲसिटिक ॲसिडसारखी सेंद्रिय आम्लं तयार होतात. वरून पाऊस येतो. आंबूस पाणी ढिगातून झिरपत खाली जातं आणि वाटेत भेटलेले धातू सोबत घेतं. उद्योगाचा गाळ चुकून अशा घरगुती कचऱ्यात मिसळला तर त्यातून काय सुटेल? हे शोधणाऱ्या चाचणीत कचऱ्याचा नमुना साडेनऊ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल एवढा बारीक करतात, त्यात वजनाच्या वीसपट सौम्य ॲसिटिक आम्ल घालतात, बाटली मिनिटाला 30 फेरे या वेगाने उलटी-सुलटी फिरवत साधारण अठरा तास ठेवतात. मग द्रव काचतंतूंच्या कागदातून गाळून त्यात उतरलेला धातू मोजतात. गाळात एकूण शिसं किती हा प्रश्नच इथे नाही. पावसापाण्यात त्यातलं किती बाहेर पडेल, एवढंच विचारलेलं असतं. ज्या धातूला गाळाने घट्ट धरून ठेवलं आहे, तो विहिरीपर्यंत जाणार नाही, हा त्यामागचा साधा, भक्कम विचार.

आणि किती उतरलं म्हणजे जास्त? आपल्या दुसऱ्या परिशिष्टातल्या यादीतले काही आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये असे आहेत: शिसं 5, आर्सेनिक 5, क्रोमियम 5, कॅडमियम 1, पारा 0.2, बेरियम 100. नुसते वाचले तर हे आकाशातून पडल्यासारखे वाटतात. पण त्यांना प्रत्येकी शंभराने भागून पाहा. शिसं 0.05, कॅडमियम 0.01, पारा 0.002, बेरियम 1. ज्या काळात ही चाचणी अमेरिकेत आखली गेली, त्या काळच्या तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादा तंतोतंत अशा होत्या. ढिगाखालून निघालेलं पाणी कुणाच्या विहिरीत पोहोचेपर्यंत शंभर पटीने विरळ होईल असं गृहीत धरलं आणि पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेला शंभराने गुणलं. प्रत्येक आकड्याच्या मागे कोणीतरी तांब्याभर पाणी पिणारा माणूस उभा आहे, हे पहिल्यांदा उमगतं तेव्हा अंगावर शहारा येतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादा पुढे कडक झाल्या. 2012 च्या भारतीय मानकात शिशाला लिटरमागे फक्त 0.01 मिलिग्रॅम परवानगी आहे. त्याच शंभरच्या हिशेबाने कचऱ्याची मर्यादा 1 व्हायला हवी. यादीत ती 5 वरच आहे.

याच यादीत चांदीही आहे, मर्यादा 5. कोल्हापूरच्या माणसाला हे वाचून लगेच हुपरी आठवेल, जिथे घराघरांत चांदीचे दागिने घडतात. ज्या धातूला आपण देव्हाऱ्यात बसवतो, पैंजण करून पोरीच्या पायात घालतो, तो आम्लात विरघळून गाळात उतरला की कायद्याला त्याची चिंता वाटते. चांदीचे विरघळलेले कण सूक्ष्मजीवांना आणि माशांना फार जाचक असतात. किंमत आणि विष एकाच धातूत सुखाने नांदतात.

साखर उद्योगातही असा एक छुपा कोपरा आहे. रसात साखर किती हे मोजण्यासाठी ध्रुवीकृत प्रकाश त्या रसातून सोडतात. साखरेचे रेणू प्रकाशाची पातळी वळवतात आणि किती वळली त्यावरून साखर कळते. पण गढूळ रसातून प्रकाश जात नाही. म्हणून साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत पिढ्यानपिढ्या लेड सबॲसिटेटची चिमूट टाकून रस निवळत आले. मळ खाली बसतो, वरचा रस काचेसारखा स्वच्छ होतो आणि गाळणकागदावर उरतो शिशाचा चिखल. बाहेर लाखो टन बगॅस निर्धोक आणि आत टेबलावरच्या मूठभर कागदांत शिसं. आता बिनशिशाची निवळणी द्रव्यंही मिळतात, ही आनंदाची गोष्ट.

रेषा आखायची म्हटली की ती कुठेतरी आखावीच लागते. हे कसबा बावड्याइतकं कोणाला कळणार? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर आली की इशारा पातळी, 43 वर धोका पातळी. 42 फूट 11 इंचांवर नदी निरुपद्रवी असते असं बावड्यात कोणी मानत नाही. पण 43 चा आकडा आहे म्हणून यंत्रणा हलते, माणसं आणि जनावरं वेळेत बाहेर निघतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत पाणी त्या रेषेच्या कितीतरी वर गेलं होतं. लिटरमागे 4.9 मिलिग्रॅम शिसं सोडणारा गाळ 5.0 वाल्यापेक्षा फार सज्जन असतो असं नाही. आकडा नसता तर मात्र दोघांनाही कोणी हात लावला नसता.

रेषेच्या बाहेर मुद्दाम ठेवलेल्या गोष्टीही आहेत. औष्णिक वीज केंद्रांची राख, ॲल्युमिनियम उद्योगाचा लाल चिखल, भट्ट्यांमधला स्लॅग, खाणींचा गाळ यांना ‘प्रचंड प्रमाण, कमी परिणाम’ म्हणून घातक कचऱ्यातून वगळलं आहे. त्यांची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सांडपाणी 1974 च्या पाणी कायद्याखाली जातं, रुग्णालयाचा कचरा जैववैद्यकीय नियमांखाली, किरणोत्सर्गी कचरा अणुऊर्जा कायद्याखाली. यातून एक विलक्षण प्रवास घडतो. मुलामा देणाऱ्या कारखान्यातलं क्रोमियम पाण्यात पिवळसर तरंगत असतं तेव्हा ते सांडपाणी. त्यात रसायन घालून त्याचं सौम्य, हिरवट रूप केलं, चुना टाकला, ते तळाशी बसलं आणि गाळ म्हणून काढलं की तेच क्रोमियम घातक कचरा. धातू तोच आहे. पाण्यासोबत वाहून जाण्याऐवजी तो आता मुठीत धरता येतो, म्हणून त्याला सांभाळणारा कायदाही बदलला.

एकदा घातक ठरलेला कचरा एकटा फिरू शकत नाही. तो साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही. बाहेर निघाला की त्याच्यासोबत सात प्रतींचा दस्त निघतो: पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी आणि राखाडी. पाठवणारा, वाहून नेणारा, घेणारा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्यात त्या वाटल्या जातात. निळी प्रत घेणाऱ्याकडून पाठवणाऱ्याकडे परत येते, तेव्हाच त्याला कळतं की माल पोहोचला. राखाडी प्रत पाठवणारा परराज्यातला असेल तेव्हा त्याच्या राज्याच्या मंडळाकडे जाते. कर्नाटकाची हद्द तासाभरावर असलेल्या कोल्हापूरला तिचं महत्त्व सांगायला नको. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशा कचऱ्यासाठी अस्तर घातलेल्या भूभरावाची सोय आहे.

हे सगळं कागदी वाटत असेल तर न्हावा शेवा बंदरातला प्रसंग पाहा. वंगण तेल म्हणून आयात केलेले 133 कंटेनर तिथे अडकून पडले होते. तपासणीत ते निरुपयोगी, घातक तेल असल्याचं निघालं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1995 मध्ये एका संशोधन संस्थेने दाखल केलेल्या याचिकेतून घातक कचऱ्याचा हा खटला वाढत गेला होता. त्याच खटल्यात जानेवारी 2005 मध्ये न्यायालयाने ते तेल भट्टीत जाळून नष्ट करायचा आदेश दिला. इथेही भांडण व्याख्येचंच होतं. पिंपात जे आहे ते माल की कचरा? 1989 च्या बासेल करारात जगातल्या देशांनी हाच प्रश्न सोडवायला घेतला होता, कारण श्रीमंत देशांचा कचरा माल बनून गरीब देशांच्या किनाऱ्याला लागत होता. भारताने 1992 मध्ये त्या करारावर मोहोर उमटवली.

आणि घरातलं? उंबरठ्याच्या आत आलं की त्याच वस्तूची ओळख बदलते. दवाखान्यातली सुई जैववैद्यकीय कचरा, पण मधुमेहासाठी घरी टोचलेली सुई 2016 च्या घनकचरा नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ होती. त्या नियमांनी या नावाखाली रंगाचे रिकामे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया यांची नावं घातली. बावड्याच्या उसाच्या शेतात फवारणी करून उरलेला कीटकनाशकाचा डबा बांधावर पडला तर मात्र त्याच्यासाठी 1971 च्या कीटकनाशक नियमांतली तरतूद आहे: डबा फोडून वस्तीपासून दूर पुरायचा.

घरच्या या गोष्टी ओल्या-सुक्यात न मिसळता कुठे द्यायच्या, हेही 2016 च्या त्या घनकचरा नियमांनी सांगितलं होतं: दर 20 चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी, किंवा त्याच्या भागासाठी, एक संकलन केंद्र. कोल्हापूर महापालिकेचं क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटर आहे. त्या मापाने शहराला अशी चार केंद्रं लागत होती. बावड्यातल्या एखाद्या घरात कपाटाच्या वर जपून ठेवलेला पाऱ्याचा जुना थर्मामीटर त्यांपैकी जवळच्या केंद्रात जायचा होता.